ऑफिस कडक आहे की विषारी? पहिल्या सहा महिन्यांत ओळखायचं कसं

पहिली नोकरी लागते तेव्हा तुलनेला काहीच हाताशी नसतं. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, रविवारी रात्री फोन आला, रजा मागितली तर तोंड वाकडं झालं. हे सगळीकडेच असं चालतं की आपल्याच ऑफिसात, हे कळायला मार्ग नसतो. घरी सांगावं तर "नोकरी म्हटली की एवढं चालायचंच, जरा सहन कर" असं ऐकायला मिळतं. यात घरच्यांची चूक नाही. त्यांच्या कानावर एकेक सुटा प्रसंग येतो, आणि सुटा प्रसंग कधीच फार गंभीर वाटत नाही.

विषारी ऑफिस ओळखू येतं ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा घडण्यातून. कोणाबरोबर घडते, कशानंतर घडते, आणि ती थांबवायला कोणी पुढे येतं का, एवढं पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत खासगी नोकरी सुरू करणाऱ्यांसाठी त्या आहेत, मग ती आयटीतली असो, अकाउंट्समधली, सेल्समधली किंवा एखाद्या खासगी हॉस्पिटलच्या कार्यालयातली.

## 1. आधी जास्त काम आणि वाईट वागणूक वेगळी करा

मार्चअखेर बँकेत, सप्टेंबरअखेर सीएच्या ऑफिसात, दिवाळीत कपड्यांच्या दुकानात आणि रिलीजच्या आठवड्यात आयटीत माणसं रात्री उशिरापर्यंत बसतात. तेवढ्यावरून ऑफिस विषारी ठरत नाही. अशा धावपळीला शेवटची तारीख असते. वरिष्ठही सोबत बसलेले असतात आणि नंतर कॉम्प ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) किंवा निदान दोन दिवस शांततेचे मिळतात. जिथे प्रत्येकच आठवडा "फक्त या आठवड्यापुरता" असतो, तिथे तुम्हाला दिलेलं कारण खोटं आहे. माणसं कमी आहेत आणि ती वाढवायची नाहीत, हे खरं कारण.

कडक वरिष्ठही वेगळा ओळखू येतो. तो कामातली चूक दाखवतो: "या शीटमध्ये जीएसटी दोनदा धरलाय." विषारी वरिष्ठ माणसावर येतो: "तुला डोकं आहे की नाही?" कडक माणसाचा नियम सगळ्यांना सारखा असतो आणि तो आधी सांगितलेला असतो. दुसरीकडे नियम कळतो तो मोडल्यानंतर, आणि मर्जीतल्यांना तो लागूच नसतो.

वागणूक चांगली असली म्हणून तासांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. 2025 मध्ये राज्य सरकारने रोजची मर्यादा 9 वरून 10 तासांवर नेली, पण 48 तासांची आठवड्याची मर्यादा तशीच राहिली.

इथे एक सापळा आहे. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्यांना हा कायदा लागू होत नाही. म्हणून काही ठिकाणी हाताखाली एकही माणूस नसलेल्या नवख्याला "असिस्टंट मॅनेजर" असं पद देऊन टाकतात. वाद झालाच, तर पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं हे पाहिलं जातं. त्यामुळे तुम्ही रोज नेमकं काय करता, हे कुठेतरी लिखित असलेलं बरं.

## 2. सही करण्याआधी ऑफर लेटर वाचा

बरीच चिन्हं इथेच दिसतात. ऑफर मेलवर आल्यावर "आजच सही करून पाठवा" असा आग्रह होत असेल, तर दोन दिवस मागून घ्या. दोन दिवस द्यायला नकार देणारी कंपनी पुढे रजेच्या वेळी कशी वागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

वाचताना या कलमांवर थांबा:

- नोटीस पिरिअड. तुम्ही सोडलंत तर 90 दिवस आणि कंपनीने काढलं तर 30 किंवा 15 दिवस, असं असेल तर का ते विचारा. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि तो हक्क तुमचा आहे की "कंपनीच्या मर्जीने" आहे, हेही पाहा.
- बाँड. "बाँड कोर्टात टिकतच नाही" असं मित्र सांगतील. त्यावर विसंबू नका. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरायची अट ग्राह्य धरली. रक्कम वाजवी आहे का, कंपनीने खरोखर प्रशिक्षणावर किंवा भरतीवर खर्च केला का, यावर बरंच अवलंबून असतं.
- सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, ही अट. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. या दोन्हींत गल्लत करू नका.
- मूळ प्रमाणपत्रं. दहावीची मार्कशीट, पदवी, मायग्रेशन सर्टिफिकेट यांतलं काहीही "आमच्याकडे जमा करा" असं सांगितलं तर नाही म्हणा. दाखवायला न्या, पडताळणी झाली की परत आणा. कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर तर कधीच नको.
- नेमणूक कोणाची? काम एका कंपनीत आणि पत्र दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे थर्ड पार्टी पेरोल. ते बेकायदा नाही, पण पीएफ कोण भरणार, रजा कोण मंजूर करणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे आधी लेखी विचारून घ्या.

मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: "या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?" बढती मिळाली, दुसऱ्या टीममध्ये गेले, सोडलं, यांपैकी कुठलंही उत्तर चालेल. उत्तर टाळलं गेलं किंवा आधीच्या माणसाची निंदा सुरू झाली, तर लक्षात ठेवा. वर्षात तीच जागा पुन्हापुन्हा जाहिरातीत दिसत असेल, तर लिंक्डइनवर त्या पदावरची जुनी माणसं शोधा. ती किती महिने टिकली हे दिसतं. त्यांतल्या एकाला नम्रपणे मेसेज केलात, तर बरेचजण मोकळेपणाने सांगतात. ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना एकाच आठवड्यात पडलेले पाच-पाच तारे बाजूला ठेवा, संतापून लिहिलेलं एखाददुसरंही बाजूला ठेवा, आणि मधल्या रिव्ह्यूंत तीच तक्रार किती वेळा येते ते पाहा.

## 3. पहिल्या दोन पगारांत पैशाची तपासणी करा

जी कंपनी पैशाच्या बाबतीत चुकारपणा करते, ती माणसांच्या बाबतीत सरळ वागेल अशी शक्यता कमी. पैसे तपासायला भावनांची गरज लागत नाही, म्हणून हे आधी करा.

पगाराची तारीख: 2019 च्या वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. एकदा उशीर झाला तर समजू शकतं. दर महिन्याला दोन दिवस पुढे सरकत असेल, तर कंपनीची रोकड आटते आहे.

पीएफ: स्लिपवर कपात दिसते, पण पैसे भरलेत का हे फक्त पासबुकात कळतं. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक, मागून घ्या, स्वतः अॅक्टिव्हेट करा आणि उमंग अॅपवर पासबुक उघडा. नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक मेसेजने येते. कंपनीला मागच्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते, त्यामुळे महिनाभर थांबून बघा. 15,000 रुपयांच्या मर्यादेवर पीएफ धरला असेल, तर तुमच्या रकान्यात 1,800 आणि कंपनीच्या रकान्यात 550 दिसतील. उरलेले 1,250 पेन्शनच्या रकान्यात असतात. कंपनीने कमी भरले असं वाटून अनेक नवखे इथे उगाच भांडतात.

टीडीएस, म्हणजे पगारातूनच प्राप्तिकर, कापला जात असेल तर तिमाही संपून विवरण भरलं गेल्यावर प्राप्तिकराच्या साइटवर फॉर्म 26एएसमध्ये तो दिसायला हवा. व्यवसाय कर महाराष्ट्रात जास्तीत जास्त महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणून फेब्रुवारीतली जास्तीची कपात बघून गोंधळू नका. 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे.

कापलेला पीएफ सलग तीन महिने पासबुकात नसेल, तर ऑफिसातली माणसं कितीही गोड असली तरी दुसरी नोकरी शोधायला लागा.

## 4. तीन प्रसंगांकडे नीट बघा: चूक, रजा, राजीनामा

एरवीच्या दिवशी सगळीच ऑफिसं बरी वाटतात. वाढदिवसाचा केक कापला जातो, दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला जातो, फोटो निघतात. त्यावरून काही ठरवू नका. खालचे तीन प्रसंग मात्र स्वतःवर येण्याची वाट न पाहता, दुसऱ्यांच्या बाबतीत काय होतं ते बघत राहा.

चूक झाली की. क्लायंटला चुकीची फाइल गेली. चांगल्या ठिकाणी पहिला प्रश्न असतो, "आता काय करता येईल?" आणि दुसरा, "ही चूक तपासणीतून सुटली कशी?" विषारी ठिकाणी पहिलाच प्रश्न "कोणी केलं?" असतो. मग त्या माणसाचं नाव ग्रुपवर टाकून, बाकीच्यांना कॉपीत ठेवून जाहीर पंचनामा होतो. याचा परिणाम महिन्याभरात दिसतो: माणसं चुका लपवायला लागतात, प्रत्येक मेलला दहाजण कॉपीत असतात, आणि कोणीच तोंडी शब्दावर काम करत नाही. एवढ्यातेवढ्यासाठी लेखी पुरावा जपणारे सहकारी दिसले, की समजा त्यांना पूर्वी चटका बसलेला आहे.

सूचना तोंडी द्यायच्या आणि अंगाशी आलं की "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायचं, हे याचंच भावंड. एखादा वरिष्ठ मेलला कायम फोन करूनच उत्तर देत असेल, तर पुढची पायरी लगेच सुरू करा.

रजा मागितली की. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा, 8 भरपगारी सुट्ट्या आणि 240 दिवस काम झाल्यावर दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा आहे. कागदावर रजा सगळीकडे असते. ती घेणाऱ्याचं काय होतं, ते बघा. गणपतीला कोकणात जायचं म्हणून दोन महिने आधी टाकलेली रजा आदल्या संध्याकाळपर्यंत "पेंडिंग" ठेवणं, आजारपणात व्हिडिओ कॉल सुरू करायला सांगणं, दवाखान्यातून लॅपटॉप उघडायला लावणं, रजेवरून आल्यावर आठवडाभर टोमणे मारणं. यातलं एखादं कधीतरी घडलं तर वरिष्ठाचा तो दिवस वाईट होता असं म्हणता येतं. वेगवेगळ्या तीन माणसांबरोबर घडलं, तर ती तिथली पद्धत आहे.

बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या सहकारी बाईंशी ऑफिस कसं वागतं, हेही इथेच बघा. 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्या काळात तिला काढता येत नाही. तरीही ती परत आली की तिचं काम दुसऱ्याकडे गेलेलं आणि अप्रेझल कोरं, असं दिसलं तर ते तुम्ही पुरुष असलात तरी तुमच्याही कामाची माहिती आहे.

राजीनामा दिला की. सोडून जाणाऱ्या माणसाला निरोप मिळतो की तो अचानक "गद्दार" ठरतो? त्याचं रिलीव्हिंग लेटर वेळेवर निघतं की महिनोन्‌महिने अडतं? नोटीसच्या काळात त्याच्याशी बोलू नका असं इतरांना सांगितलं जातं का? जाणाऱ्याकडून कंपनीला आता काहीच मिळवायचं नसतं, म्हणून या प्रसंगातून सर्वात खरं उत्तर मिळतं. तुमचा दिवसही कधीतरी येणार आहे.

या तिन्हींशिवाय एक शांत चिन्ह आहे, ते भिंतीवर असतं. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती हवी आणि तिच्या स्थापनेचा आदेश दिसेल अशा जागी लावलेला हवा. तो नसेल, किंवा त्यावर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅडमचं नाव अध्यक्ष म्हणून असेल, तर तक्रार ऐकायची तयारी किती आहे हे कळतं.

## 5. नोंद ठेवायला सुरुवात करा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच माणसं टाळतात. आठवणीवर राहिलात तर दोन चुका होतात: एकतर सगळं सारखंच वाईट वाटतं, किंवा "माझंच काहीतरी चुकत असेल" असं वाटत राहतं. सहा ते आठ आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की यातलं काय खरं, ते दिसतं.

घरच्या एका साध्या वहीत, तारखेनिशी, त्याच दिवशी लिहा. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये नको. तो लॅपटॉप कंपनीचा आहे आणि एका मिनिटात बंद होतो.

निरुपयोगी नोंद अशी असते: "सर आज परत फार घाणेरडं बोलले. सहन होत नाही."

उपयोगी नोंद अशी: "11 मार्च, मंगळवार, सकाळी 10.40, दुसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम. टीममधले सहाजण हजर. सर म्हणाले, 'तुझ्यासारख्यांना कामावर घेतं कोण?' कारण: रविवारी रात्री 11.15 ला व्हॉट्सअॅपवर मागितलेला रिपोर्ट सोमवारी सकाळी 9.30 ला गेला. रिपोर्टात चूक नव्हती. मेसेज आणि मेल दोन्ही आहेत. मीटिंगनंतर एक सहकारी बोलायला आली."

तारीख, वेळ, जागा, हजर माणसं, तोंडचे शब्द जसेच्या तसे, आधी काय घडलं, पुरावा कुठे आहे. तुम्हाला काय वाटलं ते वेगळ्या ओळीत लिहा, शब्दांत मिसळू नका. ज्या दिवशी चांगलं वागले त्या दिवसाचीही नोंद ठेवा. पुढे कोणासमोर ही वही ठेवायची वेळ आली, तर त्या नोंदींमुळेच बाकीच्यांवर विश्वास बसतो.

तोंडी सूचना लेखी करून घ्यायची एक सभ्य रीत आहे. बोलणं झाल्यावर दहा मिनिटांत छोटा मेल टाका: "सर, आत्ता बोलल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत फक्त पुणे शाखेचा डेटा पूर्ण करते, मुंबईचा पुढच्या आठवड्यात. काही बदल असेल तर कळवा." भांडणाचा सूर नको, आरोप नको. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो.

जपून करायच्या गोष्टी. पुरावा म्हणून क्लायंटचा डेटा, कोड, दरपत्रकं स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. छळाची तक्रार बाजूला राहते आणि डेटा चोरल्याचं कारण देऊन तुम्हालाच काढता येतं. तुमच्याशी संबंधित पत्रं, स्लिपा, रजेचे अर्ज आणि अप्रेझलची प्रत एवढंच ठेवा. व्हॉट्सअॅप चॅटचा नुसता स्क्रीनशॉट पुरे समजू नका, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

## 6. शरीर काय सांगतंय ते लिहा

रविवारी दुपारपासून पोटात गोळा येणं, फोन वाजला की दचकणं, झोप उडणं, सुट्टीनंतरही थकवा न जाणं, आवडीचं काम नकोसं होणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या देताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि कामातली परिणामकारकता घटणं. संघटनेने याला आजार मानलेलं नाही, कामाशी निगडित घटना म्हटलं आहे. अर्थात कारण कामाच्या जागी शोधायचं असतं.

दोन आठवड्यांहून जास्त हे चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा आणि केस पेपर जपून ठेवा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतही मोफत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका. आत्ता तो नंबर लावा, आणि घरच्या एका माणसाला आज सांगा. नोकरीचं नंतर बघता येतं.

## 7. कोणाकडे जायचं ते तक्रारीच्या प्रकारावरून ठरवा

आधी एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. एचआर ही कंपनीची शाखा आहे. तिथली माणसं चांगली असू शकतात, पण त्यांचं पहिलं काम कंपनीला अडचणीतून वाचवणं हे आहे. म्हणून एचआरकडे रडायला जाऊ नका. तारखा, घटना आणि नेमकी मागणी घेऊन जा, आणि बोलणं झाल्यावर तेच मेलवर टाका. मागणी ठोस असू द्या: टीम बदलून हवी, रजा नाकारल्याचं कारण लेखी हवं, मीटिंगमध्ये तिसरा माणूस हजर हवा.

लैंगिक छळ. अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. घटना सलग असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं जोडायची असतात. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा तुमच्या नेहमीच्या रजेतून कापली जात नाही. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. "आपसात मिटवा" असा दबाव आला तर लक्षात ठेवा: समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैसे घेऊन समेट कायद्याला मान्य नाही.

जातीवरून अपमान. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा इतरांसमोर जातिवाचक अपमान झाला, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंध कायदा लागू होऊ शकतो. ही पोलिसांत जाण्याची बाब आहे, एचआरने "समज देण्याची" नव्हे.

पगार, ओव्हरटाइम, अडवलेली थकबाकी. सहाय्यक कामगार आयुक्तांचं कार्यालय. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, इतरत्र जिल्ह्याच्या ठिकाणी. पीएफसाठी ईपीएफओचं (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) तक्रार पोर्टल वेगळं आहे, तिथे यूएएन टाकून तक्रार करा.

नुसती अपमानास्पद वागणूक. शिवीगाळ, एकटं पाडणं, कामच न देणं, अशक्य टार्गेट. यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, आणि म्हणूनच तुमची वही इथे सर्वात जास्त लागते. कंपनीची तक्रार निवारण पद्धत आणि व्हिसलब्लोअर धोरण (गैरप्रकार कळवणाऱ्यांसाठीचे नियम) वाचा, मॅनेजरच्या वरच्या माणसाला लेखी कळवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. हेल्पलाइन 15100.

सोबत नेण्याची फाइल: ऑफर आणि नेमणूक पत्र, सगळ्या पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, हजेरीचा उतारा, रजेचे अर्ज आणि त्यांची उत्तरं, अप्रेझल, नोंदवहीच्या प्रती, असल्यास डॉक्टरांचे कागद.

## 8. सोडायचं ठरलं तर घाईत सोडू नका

तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, शक्य असल्यास दुसरी ऑफर हातात घ्या. ऑफिसचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. आई-बाबा त्यात असतील तर आधी दुसरी पॉलिसी बघा. प्रकृती बिघडत चालली असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून बाहेर पडा.

अचानक खोलीत बोलावून "आत्ताच राजीनामा लिही, नाहीतर काढून टाकल्याचं पत्र देतो" असं म्हटलं, तर तिथे सही करू नका. "विचार करून मेलवर कळवतो" एवढं बोलून बाहेर या आणि घडलेलं त्याच तासात मेलने स्वतःहून कळवा. सही झाल्यावर "जबरदस्तीने घेतली" हे सिद्ध करणं फार अवघड जातं. इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारायची लेखी अट, दिला तर त्यातली उद्दिष्टं मोजता येण्यासारखी आहेत का ते बघा, आणि नसतील तर लेखी स्पष्टीकरण मागा.

राजीनामा मेलवर द्या, स्वतःच्या खासगी ईमेलला कॉपीत ठेवा. कारण दोन ओळींत, तक्रारींची यादी त्यात नको. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड दिल्याची पोच सही-तारखेनिशी घ्या. "चार्जर मिळाला नाही" म्हणून हिशेब अडवल्याची उदाहरणं भरपूर आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचं किंवा काढलेल्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं. "फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) 45 दिवस लागतात" असं सांगितलं तर ही तरतूद मेलमध्ये लिहून मागणी करा.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. जुन्या कंपनीने पोर्टलवर तुमची सोडल्याची तारीख भरली नाही, तर रक्कम वर्ग करायचं काम अडतं. त्यासाठी त्यांच्या मागे धावत बसू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर "मॅनेज" मध्ये जाऊन "मार्क एक्झिट" निवडा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ती तारीख स्वतःच भरा. भरण्याआधी रिलीव्हिंग लेटरवरची तारीख समोर ठेवा, कारण एकदा भरलेली तारीख दुरुस्त करून घ्यायला पुन्हा त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं.